मोत्सार्टचं अडॅजिओ सोपं दिसतं, तिथेच फसगत होते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी तेरा वर्षांची, तीन वर्षं बी-फ्लॅट क्लॅरिनेट शिकते आहे, चौथी ग्रेड नुकतीच झाली. नऊ आठवड्यांनी क्लासचं रिसायटल आहे आणि तिच्या वाट्याला पाच मिनिटं आली आहेत. बाईंनी ‘क्लासिकल पिरियडमधलं छोटंसं काहीतरी’ शोधून आणायला सांगितलंय. घरात सगळ्यांना मोत्सार्टच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोतलं अडॅजिओ, म्हणजे मधला संथ भाग, आवडतं, क्लॅरिनेटच्या पानावर काळे ठिपकेही फारसे दिसत नाहीत, तर तेच घ्यावं का?

यंदा नको. दोन-तीन वर्षांनी जरूर घ्या, पण या रिसायटलला नको. कारण सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि दरवर्षी निम्मे पालक माझं ऐकत नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण आपल्याकडे ‘क्लासिकल’ म्हटलं की आजी विचारते, राग कोणता? बाईंना इथे ‘शास्त्रीय’ अभिप्रेत नाही आणि ‘कुठलंही पाश्चात्त्य अभिजात’ असंही नाही. त्यांना युरोपातला साधारण १७५० ते १८२० हा काळ हवा आहे: हायडन, मोत्सार्ट, तरुण बेथोव्हन. क्लॅरिनेटच्या दृष्टीने हा काळ मोठा मजेचा आहे. हे वाद्य न्यूरेंबर्गच्या डेनरने १७०० च्या आसपास घडवलं, पण ऑर्केस्ट्रात त्याला हक्काची खुर्ची मिळायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लागली. मोत्सार्टने १७७८ साली मानहाइमहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात, आपल्याकडे क्लॅरिनेट असते तर किती बरं झालं असतं, असं हळहळून म्हटलंय. त्या काळच्या क्लॅरिनेटला बहुधा पाचच कळा असत. तुमच्या मुलीच्या हातात आज सतरा कळांचं वाद्य आहे. त्यामुळे त्या काळी जे अवघड होतं ते आज बऱ्याचदा सोपं झालंय, पण फुंकेचं जे अवघड होतं ते तसंच राहिलंय. वेबरचं कॉन्चेर्टिनो १८११ चं आहे. तारखेने ते या चौकटीत बसतं, स्वभावाने पूर्ण रोमँटिक, म्हणजे पुढच्या काळातलं. बाईंना ते दाखवलंत तर त्या भुवया उंचावतील, शिवाय ते तिच्या आवाक्याबाहेर आहे.

आता अडॅजिओ. मोत्सार्टने हा कॉन्चेर्टो १७९१ साली, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, आंटोन श्टाडलर या मित्रासाठी लिहिला. श्टाडलरकडे नेहमीपेक्षा लांब, जास्त खाली जाणारं क्लॅरिनेट होतं. मूळ हस्तलिखित हरवलं, आणि १८०१ पासून जे छापलं गेलं ते साध्या क्लॅरिनेटला बसेल असं कुणीतरी बदलून घेतलेलं. आपण सगळे आजवर बहुतेक तेच वाजवत आलो आहोत. ही माहिती रिसायटलला उपयोगाची नाही, पण मुलीला सांगा, मुलांना अशा गोष्टी आवडतात.

उपयोगाची गोष्ट गणिताची आहे. अडॅजिओचे ९८ बार, म्हणजे तालाची आवर्तनं, आहेत, प्रत्येकात तीन ठोके, एकूण २९४. मेट्रोनोम ४२ वर, म्हणजे मिनिटाला ४२ ठोक्यांवर, ठेवलात तर बरोबर सात मिनिटं. तुमच्याकडे पाच आहेत. आता म्हणाल, कापू. कापता येतं. पहिले आठ बार क्लॅरिनेट वाजवतं, मग तेच आठ ऑर्केस्ट्रा, मग पुन्हा आठ क्लॅरिनेट आणि पुन्हा आठ ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्राचे हे सोळा बार पियानोवर काढून टाकले की ४८ ठोके वाचतात, तरीही सहा मिनिटांच्या जवळपास राहतं. आणि ते सोळा बार म्हणजे मुलीच्या ओठांना मिळणारी विश्रांती आहे, हे कापताना कुणाच्या लक्षात येत नाही. विश्रांती काढून घेतली की तेराव्या वर्षीचे ओठ चौथ्या मिनिटाला सैल पडतात, माउथपीसच्या कडेने हवा सुटायला लागते, आणि वरचे स्वर खाली घसरतात. शेवटचं एक मिनिट सगळ्यात हळू आवाजातलं आणि सगळ्यात सुंदर आहे, आणि मुलं नेमकी तिथेच थकलेली असतात.

पहिले तीन स्वर घ्या: लिहिलेला सी, मग एफ, मग ए. बोटांच्या दृष्टीने यात काही नाही. सीसाठी सगळी छिद्रं आणि करंगळीची कळ बंद, मग बोटं उचलत वर जायचं. ब्रेक, म्हणजे खालच्या आणि वरच्या सुरांमधली सीमा, ओलांडायचा नाही, उडी मोठी नाही. पहिल्या ग्रेडचं मूल हे तीन स्वर काढू शकतं. पण ते हळू आवाजात, एका धाग्यात, प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या आतून उमलल्यासारखा यायला हवा. मूल घाबरलेलं असतं, फुंक दबकत दबकत देतं, आणि सीनंतरचा एफ एक तर उशिरा उमटतो किंवा ‘टुक्’ असा वेगळा पडतो. द्रुत चालीत असा स्वर कुणाच्या ध्यानात येत नाही, पुढचे दहा स्वर त्याला झाकून टाकतात. इथे झाकायला काहीच नाही. ४२ च्या लयीत आठ बार म्हणजे चौतीस सेकंद. श्वासाच्या जागा मध्ये आहेत, पण घेतलेला श्वास ऐकू येता कामा नये आणि पुढच्या स्वराची सुरुवात धक्क्याने होता कामा नये. पुढे मध्यावर एका ठिकाणी सगळे थांबतात आणि क्लॅरिनेटने स्वतःच्या मनाने छोटीशी जोड वाजवून पुन्हा मूळ चालीवर यायचं असतं. तेरा वर्षांच्या मुलीने सभागृहात, शांततेत, ते करायचं. माझ्या एका जुन्या सरांची सवय होती, कुणी अडॅजिओ वाजवायला मागितलं की ते आधी पानभर लांब स्वर काढायला लावायचे. पान संपलं की बहुतेकांची मागणीही संपायची. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवून आयुष्य काढलेला तो गोव्याचा माणूस होता. फार बोलायचा नाही.

संथ म्हणजे सोपं, ही आपली समजूत कुठून आली असेल याचा मी बराच विचार केलाय. आपल्या गाण्यातही खरं तर उलटच मानतात. विलंबित ख्याल नीट गाणारा कोण, हे लोक आधी बघतात. पण पानावरचं नोटेशन पाहिलं की काळे ठिपके कमी दिसतात आणि पालक म्हणतात, हे सोपं आहे.

अडॅजिओमध्ये आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलोय. मूळ कॉन्चेर्टो ए क्लॅरिनेटसाठी आहे. तुमच्या मुलीकडे, आणि भारतात शिकणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाकडे, बी-फ्लॅट आहे. दोन्हींची बोटं एकच, पण आवाजात अर्ध्या स्वराचा फरक. ए क्लॅरिनेटवर अडॅजिओ डी मेजरमध्ये ऐकू येतं, तोच भाग बी-फ्लॅटवर वाजवला की ई-फ्लॅट मेजरमध्ये. विद्यार्थ्यांच्या आवृत्त्यांमध्ये म्हणून पियानोचा भाग ई-फ्लॅटमध्ये उचलून दिलेला असतो. इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या प्रतीत तो बऱ्याचदा मूळ डीमध्येच असतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीसाठी पियानोचा भाग मीच छापून दिला, वरची सूचना न वाचता. पियानोवाली ऐनवेळी आली, तालीम झाली नव्हती. दोघींनी एकदम सुरुवात केली आणि पहिल्या बारला सभागृहात जे काही उमटलं ते मी अजून विसरलेलो नाही. मुलीने तोंडातून क्लॅरिनेट काढून माझ्याकडे पाहिलं. डिजिटल पियानो असता तर ट्रान्सपोजचं बटण एकदा वर दाबून भागलं असतं. तिथे होता जुना लाकडी पियानो. मी उठलो, पियानो थांबवला, आणि ती बिचारी एकटीच वाजवून आली. चूक माझी, टाळ्या तिला, असं झालं. तुम्ही कुठलीही रचना निवडा, क्लॅरिनेटच्या भागावर आणि पियानोच्या भागावर एकच आवृत्ती, एकच वाद्य लिहिलंय ना, हे स्वतः वाचा.

पियानोचा विषय निघालाच आहे तर तिथूनच पुढे जातो, कारण रचना निवडताना लोक फक्त क्लॅरिनेटचं पान बघतात. कॉन्चेर्टो म्हणजे मुळात ऑर्केस्ट्राबरोबरचं संगीत. पियानोवर जे येतं ते वीस-पंचवीस वाद्यांचं काम दहा बोटांत कोंबलेलं. ते वाजवायला बऱ्यापैकी तयार पियानोवादक लागतो. आपल्याकडे पियानोच्या ग्रेड परीक्षा देणारी मुलं मुंबई-पुण्यात आणि गोव्यात पुष्कळ आहेत, पण दुसऱ्याचा श्वास ऐकत वाजवणारी थोडी. सोनाटा मात्र मुळातच दोन वाद्यांसाठी लिहिलेला असतो. पियानोची बोटं त्यात नैसर्गिक पडतात, दोघं एकमेकांचं वाक्य उचलतात. ती साथ नसते, जुगलबंदी असते. क्लासमधल्याच पाचवी-सहावी ग्रेड झालेल्या एखाद्या पियानोच्या मुलीला ते जमू शकतं, आणि दोघी मैत्रिणी असतील तर नऊ आठवड्यांत तालमी भरपूर होतात. भाड्याने आणलेल्या उत्तम पियानोवादकाबरोबरच्या एका तालमीपेक्षा मैत्रिणीबरोबरच्या दहा तालमी मला जास्त मोलाच्या वाटतात.

म्हणून माझी पहिली शिफारस वानहाल. योहान बाप्टिस्ट वानहाल, १७३९ ते १८१३. बोहेमियात वेठबिगार कुटुंबात जन्मला, पुढे स्वतःच्या कमाईने स्वातंत्र्य विकत घेतलं आणि व्हिएन्नात स्थिरावला. १७८४ साली तिथे एका बैठकीत चौघांनी क्वार्टेट वाजवल्याची आठवण गायक मायकेल केलीने लिहून ठेवली आहे: पहिलं व्हायोलिन हायडन, दुसरं डिटर्सडॉर्फ, व्हिओला मोत्सार्ट आणि चेलो वानहाल. असा हा माणूस, आणि आज त्याचं नाव मुख्यतः विद्यार्थ्यांच्या तोंडी. यात कमीपणा काही नाही. हौशी वाजवणाऱ्यांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी कसं लिहावं हे त्याला नेमकं माहीत होतं. त्याचा क्लॅरिनेट आणि पियानोचा बी-फ्लॅट मेजरमधला सोनाटा घ्या. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर तो सी मेजरमध्ये वाचला जातो, म्हणजे सुरुवातीच्या खुणांत शार्प नाही, फ्लॅट नाही. त्यातली शेवटची मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा शेवटचा स्वतंत्र भाग, रोंडो, रिसायटलला फार छान बसते. रोंडोत मूळ चाल पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे श्रोत्यांनाही धरायला काहीतरी मिळतं आणि मुलीलाही. मध्ये कुठे पाय घसरला तरी मूळ चाल परत आली की सावरता येतं. स्टेजवरच्या मुलाला अशी वारंवार येणारी ओळखीची जागा किती धीर देते, हे आपण मोठ्यांनी विसरू नये.

एक सावधगिरी. सी मेजर म्हणजे सोपं, हेही अर्धसत्य आहे. क्लॅरिनेटवर रजिस्टरची कळ दाबली की स्वर बारा पायऱ्या वर जातो, सप्तकाने नाही. त्यामुळे खालच्या आणि वरच्या सुरांच्या मध्ये घशातले चार स्वर येतात, जी ते बी-फ्लॅट, जे जवळजवळ सगळी बोटं उचलून वाजवायचे. त्यांच्या लगेच वरचा बी वाजवताना मात्र सगळी छिद्रं एकदम बंद. एपासून बीला जाताना एका बोटावरून सगळ्या बोटांवर यायचं. यालाच ब्रेक म्हणतात, आणि आवाज चिरकतो तो बहुतेक इथेच. सी मेजरची चाल या सीमेवरून सतत ये-जा करते. वानहालचं पान घेऊन पेन्सिलने प्रत्येक ए-बी आणि बी-ए ला खूण करा. एका ओळीत तीन-चार खुणा आल्या तर घाबरू नका, पण रोज तेवढीच जोडी संथ लयीत घोटायची तयारी ठेवा. घशातले स्वर वाजवताना उजव्या हाताची बोटं आधीच छिद्रांवर ठेवून द्यायची युक्ती बाईंनी शिकवली असेलच. नसेल तर विचारा. त्याने निम्मं काम होतं. तेराव्या वर्षी डाव्या हाताची अनामिका छिद्र पूर्ण झाकत नसेल तर मात्र चिरकणं सरावाने लगेच थांबणार नाही. तिथे हात बसवण्याची पद्धत बदलावी लागते, आणि नऊ आठवडे त्यासाठी कमी आहेत. अशा वेळी रचनाच दुसरी घ्यावी.

पियानोवादक मिळतच नसेल तर माझ्याकडे आणखी चांगला पर्याय आहे, आणि खरं सांगायचं तर माझा जीव यातच आहे: लफेव्र. झाव्हिए लफेव्र हा १७६३ साली लोझानला जन्मलेला, पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉरमध्ये शिकवणारा मास्तर. १८०२ साली त्याने क्लॅरिनेटची पद्धत छापली, म्हणजे शिकण्याचं पुस्तक, आणि त्यात बारा सोनाटे दिले. हे सोनाटे मैफलीसाठी लिहिलेले नाहीत, शिकवणीसाठीच लिहिलेत, पण एटूडसारखे, म्हणजे निव्वळ सरावाच्या धड्यांसारखे, रुक्ष नाहीत. चाल आहे, वळणं आहेत, आणि मास्तरने कुठे श्वास द्यायचा, कुठे जीभ लावायची याचा विचार करूनच रेघा ओढल्या आहेत. ग्रेड परीक्षांच्या याद्यांत यातल्या मूव्हमेंट्स बरेचदा दिसतात ते यामुळेच. महत्त्वाचं म्हणजे मूळ लेखनात क्लॅरिनेटखाली फक्त बासची, म्हणजे खालच्या सुरांची, एक ओळ आहे. आजच्या आवृत्त्यांत तिच्यावर पियानोचा भाग रचून दिलेला असतो, पण तुम्ही मूळ रूपाकडे जाऊ शकता. ओळखीत कुणी चेलो शिकत असेल तर क्लॅरिनेट आणि चेलो, एवढ्यावर ही रचना उभी राहते. चेलो नसेल तर तीच ओळ पियानोवर डाव्या हाताने, अगदी तिसऱ्या ग्रेडच्या मुलानेही वाजवावी. पियानो शोधत दारोदार फिरणाऱ्या पालकांना मी हे सांगतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा भार उतरलेला मला दिसतो.

लफेव्र निवडलात तर एक संथ आणि एक द्रुत अशा दोन मूव्हमेंट्स एकापाठोपाठ घ्या. संथ आधी. संथ भाग छोटा असतो, मोत्सार्टसारखा सात मिनिटं ताणत नाही, आणि तिला श्वासाचं काम दाखवायची संधी मिळते. मग द्रुत भागाने शेवट. थकलेले ओठ द्रुत भागात लपतात.

स्टामिट्झही आहेच. कार्ल स्टामिट्झ, मानहाइमचा, १७४५ ते १८०१. क्लॅरिनेटसाठी त्याने दहाच्या आसपास कॉन्चेर्टो लिहिले आणि तिसरा, बी-फ्लॅट मेजरमधला, जगभर विद्यार्थी वाजवतात. त्यातली मधली रोमान्स घरच्यांच्या मनातल्या अडॅजिओच्या सगळ्यात जवळ जाते: तसाच गाता सूर, पण वाक्यं आखूड, श्वासाच्या जागा उघड. ‘संथच हवं’ असा घरचा हट्ट असेल तर मी मोत्सार्टऐवजी ही रोमान्स देतो. पहिली मूव्हमेंट घेऊ नका. सुरुवातीला पियानोवर लांबलचक ऑर्केस्ट्रा चालतो आणि मूल हातात वाद्य धरून उभं राहून बधिर होतं. तो भाग कापतात, पण मग पाच मिनिटांत अर्धवट तुकडाच हाती राहतो. डेव्हियेनचे सोनाटे चपळ आणि सुंदर आहेत, पण सोळांशांच्या धावत्या ओळी तिला अजून एक-दोन ग्रेड पुढे गेल्यावर झेपतील. क्रोमरचा १८०३ चा कॉन्चेर्टो तर आणखी पुढचा.

क्लासमध्ये आणखी दोन क्लॅरिनेटवाली मुलं असतील तर बाईंना मोत्सार्टची डिव्हर्टिमेंटो सुचवून पाहा, त्याच्या रचनांच्या यादीत क्रमांक के. ४३९बी. तीन बॅसेट हॉर्नसाठी, म्हणजे क्लॅरिनेटच्याच खालच्या सुराच्या भावंडांसाठी, लिहिलेल्या या पंचवीस छोट्या मूव्हमेंट्स आहेत, पाच-पाचच्या पाच संचांत, आणि तीन क्लॅरिनेटसाठीच्या आवृत्त्या सहज मिळतात. घरच्यांना मोत्सार्ट मिळतो, पियानोची गरज नाही, आणि तिघांत मिळून भीती तिसऱ्या हिश्श्यावर येते. हे मी नेहमी सांगतो आणि नेहमी पालक नाक मुरडतात, कारण त्यांना आपल्या मुलीचं सोलो हवं असतं. असो.

आता या काळाच्या संगीतातली एक गोष्ट, जी आपल्याकडच्या मुलांना हमखास चकवते. पानावर मोठ्या स्वराच्या आधी एक बारीक स्वर छापलेला दिसतो. हार्मोनियम किंवा गाणं शिकलेलं मूल त्याला कणस्वर समजतं आणि मुख्य स्वराला हलकेच शिवून पुढे जातं. क्लासिकल काळातल्या बऱ्याच जागी ते चूक आहे. ती आपोजिआतुरा असते. ती ठोक्यावर येते, तिच्यावर भार असतो, आणि ती मुख्य स्वराचा निम्मा वेळ खाते. समजा मुख्य स्वर एका ठोक्याचा आहे आणि त्याआधी बारीक अर्ध्या ठोक्याचा स्वर लिहिलाय, तर दोन सारखे अर्धे ठोके वाजवायचे, पहिला जड, दुसरा हलका, दोन्ही एका जिभेत. वरचा भारी स्वर किंचित खटकतो आणि खालचा त्याला सोडवतो. उसासा टाकल्यासारखं होतं. आपल्याकडे कण हा शेजाऱ्याचा ओझरता स्पर्श. इथे शेजारी येऊन खुर्चीवर बसतो. एकदा हा फरक कानाला कळला की सगळी चाल बदलते. कुठे लांब आणि कुठे आखूड हे ठरवायला बाईंची मदत घ्या, कारण नियम आहेत तसे अपवादही. ट्रिलही साधारणपणे वरच्या स्वरापासून सुरू करायची, आणि वाक्याच्या शेवटी बहुधा तिला शेपूट असतं. निवडण्याआधी पानावरच्या सगळ्या ट्रिल शोधा. घशातल्या स्वरावरची ट्रिल असेल तर तिची बोटं वेगळी, बाजूच्या कळांवरची असतात. ती पहिल्याच आठवड्यात ठरवून पानावर लिहून टाका.

आवृत्तीबद्दल थोडं. जुन्या आवृत्त्यांत संपादकांनी आपल्या हौसेने लांबलचक लेगाटोच्या, म्हणजे स्वर जोडून वाजवायच्या, रेघा आणि आवाज चढ-उताराच्या खुणा भरल्या आहेत. त्या काळचं लेखन मात्र उघडं असायचं: दोन स्वर बांधलेले, दोन जिभेने सुटे केलेले, असं बोलतं टंगिंग. मोत्सार्टची संशोधित आवृत्ती तर झाल्झबुर्गच्या मोत्सार्टेउमने ऑनलाइन खुली ठेवली आहे. पुढे कधी अडॅजिओ घ्याल तेव्हा तिच्याशी ताडून पाहा. पान नको तितकं भरलेलं दिसलं तर शंका घ्या.

निवड पक्की करण्याआधी मी दोन गोष्टी करून घेतो. दोन-तीन रचनांची पहिली पानं काढा आणि मुलीला प्रत्येक पान दहा मिनिटं वाचू द्या, मदत न करता. कुठे अडखळते ते मोजू नका, अडखळल्यावर पुन्हा त्याच जागी यायची इच्छा तिला होते का, ते बघा. जी रचना संपल्यावर ती स्वतःहून पान उलटेल ती घ्या. निवडलेली रचना चार-पाच आठवड्यांत हाताशी आली की दुसरी गोष्ट. तिला इमारतीचे दोन जिने धावत चढायला लावा आणि दम खाऊ न देता शेवटचं पान वाजवायला सांगा. पहिलं नाही, शेवटचं. स्टेजवर छाती अशीच धडधडते. शेवटचं पान त्या अवस्थेत उभं राहिलं तर रचना तिच्या ताब्यात आहे. नाही राहिलं तर लय थोडी उतरवा किंवा एखादी पुनरावृत्ती गाळा. अजून चार आठवडे हातात असतात.

सभागृहाबद्दल एवढंच. एसी जोरात असेल तर थंड क्लॅरिनेट पियानोपेक्षा खाली बोलतं. आपली पाळी येईपर्यंत वाद्य मांडीवर ठेवू नका, कुशीत धरा, आणि आवाज न काढता मध्येमध्ये गरम हवा फुंकत राहा. पियानोच्या सुराला लावायचं ते स्टेजवर, खाली ग्रीनरूममध्ये लावलेलं तिथवर टिकत नाही. रीड, म्हणजे माउथपीसवरची वेताची पट्टी, नवी कोरी नको, त्या दिवसाआधी आठवडाभर वाजवलेली हवी, आणि तशीच दुसरी खिशात. पावसाळा असेल तर पॅड चिकटतात, कॉर्क फुगतात. केसमध्ये पातळ कागद ठेवा आणि जी-शार्पचं पॅड आदल्या रात्री बघून घ्या, आधी तेच दगा देतं.

तर तुमच्या मुलीसाठी: पियानो वाजवणारी मैत्रीण असेल तर वानहालचा रोंडो, नसेल तर लफेव्रच्या दोन मूव्हमेंट्स चेलोबरोबर. घरच्यांना संथच हवं असेल तर स्टामिट्झची रोमान्स. ठरलं की क्लॅरिनेटचा भाग मुलीला देण्याच्याही आधी पियानोचा किंवा चेलोचा भाग साथीदाराच्या हातात पडू द्या, म्हणजे पहिली तालीम दुसऱ्या आठवड्यात होईल, आठव्या नाही. आणि अडॅजिओ घरी वाजवू द्या, दार लावून, रोज पहिले आठ बार. ४२ वर मेट्रोनोम, चौतीस सेकंद.